साखर आमची, घड्याळ कुणाचे?

दरवर्षी १४ नोव्हेंबर उजाडला की आमच्या लॉब्यांच्या, शेडच्या आणि हेड पोस्ट ऑफिसांच्या दारात एक टेबल मांडले जाते. इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, याचा हा जन्मदिवस, आणि १९९१ पासून तो जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. बोटाला सुई टोचतात, आकडा चिठ्ठीवर लिहून हातात देतात आणि मग साहेबांचे भाषण होते. मथळा ठरलेला असतो : आपले आरोग्य आपल्या हाती. गोड कमी खा, वेळेवर जेवा, रोज अर्धा-पाऊण तास चाला, सात तास झोपा, ताण घेऊ नका. टाळ्या होतात, बिस्किटे आणि साखरेचा चहा (होय, साखरेचाच) फिरवला जातो, आणि श्रोत्यांपैकी निम्मे जण तिथूनच साइन ऑन करायला जातात. रात्री त्यांनी कुठे जेवायचे, किती वाजता जेवायचे आणि कुठे झोपायचे, हे त्या टेबलावरचे कुणीच सांगत नाही.

साथींनो, उपदेश खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो अगदी खरा आहे. म्हणूनच आमचा राग आहे. वेळेवर जेवा असे ज्याला सांगितले जाते त्याची वेळ त्याच्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात ती आहे तो व्यासपीठावर बसून टाळ्या घेतो आहे. आरोग्य आमच्या हाती आणि रोस्टर तुमच्या हाती, ही वाटणी आम्हाला मंजूर नाही.

आधी दुखणे केवढे आहे ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमध्ये शंभरात अकराहून अधिक. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये गोवा सर्वांत वर, २६.४ टक्के. मडगावला काम करणाऱ्या आमच्या साथींनी हा आकडा मनात ठेवून आपल्या गँगकडे, आपल्या सॉर्टिंग हॉलकडे एकदा नजर फिरवावी. ज्यांच्या डब्यात गोळ्यांची पट्टी दिसते ते मोजता येतील. ज्यांची साखर कधी तपासलीच गेली नाही त्यांचे काय?

या दुखण्याबरोबर एक आरोप फुकट येतो. 'तुम्ही खाता फार, हलत नाही, म्हणून झाले.' हा आरोप साहेब करतात, नातेवाईक करतात, आणि वाईट म्हणजे आपला माणूस स्वतःच तो मान्य करून खाली मान घालतो. मान खाली घातलेला माणूस ना डॉक्टरला प्रश्न विचारतो, ना सुपरवायझरकडे जेवणाची वेळ मागतो. म्हणून हा आरोप आधी तपासून घेणे भाग आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथले बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधले ३.५ किलोचे. पण हे हडकुळे बाळ फक्त स्नायूंनी हडकुळे होते, चरबी त्याने तितकी गमावली नव्हती. पोटातच उपासमार झालेल्या बाळाचे शरीर चरबी राखून ठेवते आणि पुढे पोटभर मिळू लागले की तेच शरीर साखरेपुढे लवकर हार खाते. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा आमचा बारीक हातापायांचा, पुढे थोडे पोट आलेला ट्रॅकमेंटेनर 'फार खाल्ल्यामुळे' आजारी पडला असे म्हणणाऱ्याने त्याची आई दुष्काळात काय खात होती हेही विचारावे.

दुसरी गोष्ट कामाची. १९५३ मध्ये लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे बसून राहणारे ड्रायव्हर आणि जिने चढउतार करणारे कंडक्टर यांची तुलना केली. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. टपालातल्या साथींना बहुधा कुणी सांगितले नसेल, पण त्याच अभ्यासात टपाल खातेही होते : चालत आणि सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन एका बाजूला, बसून काम करणारे टेलिफोन ऑपरेटर आणि कारकून दुसऱ्या बाजूला. तिथेही बसणाऱ्यांचेच हृदय आधी थकले. म्हणजे खुर्ची कुणाला आणि बीट कुणाला, हे ठरवणारा माणूस नकळत आजारही वाटून देत असतो. रात्रपाळीचेही तसेच. २०१४ मध्ये बारा अभ्यास एकत्र करून सव्वादोन लाखांहून अधिक लोकांची माहिती पाहिली गेली, तेव्हा पाळीत काम करणाऱ्यांना मधुमेहाचा धोका ९ टक्के जास्त दिसला, आणि पाळी सतत बदलणाऱ्यांमध्ये तो ४२ टक्क्यांपर्यंत गेला. आर.एम.एस.च्या नाइट सेटमध्ये वीस वर्षे काढलेल्या माणसाला 'झोप पुरेशी घेत जा' असे सांगणे म्हणजे पाण्यात ढकलून 'भिजू नका' म्हणण्यासारखे आहे.

आता ज्याला पुस्तकात स्वतःची काळजी म्हणतात ती प्रत्यक्षात काय असते ते रुळावर उतरून पाहू.

मधुमेहाच्या स्वस्त आणि सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ग्लायमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या येतात. त्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेतली आणि जेवण तीन तास लांबले तर साखर ७० च्या खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो आणि शेवटी शुद्ध हरपतो. ऑफिसात हे घडले तर कुणीतरी साखर-पाणी देते. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या इंजिनात घडले तर? दोन डोंगरांमधल्या बीटवर एकट्या कीमनला घडले तर? म्हणून या गोळीचे खरे नाव 'गोळी आणि वेळेवर जेवण' असे आहे. अर्धे औषध दवाखाना देतो, उरलेले अर्धे रोस्टरने द्यायचे असते.

ते रोस्टर काय म्हणते? लोको पायलटांनी वर्षानुवर्षे एकच साधी मागणी केली : धावत्या ड्युटीत जेवणासाठी आणि लघवी-शौचासाठी ठरलेली सुट्टी द्या. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने सर्व झोनच्या महाव्यवस्थापकांना कळवले की समितीच्या शिफारशीनुसार अशी सुट्टी नियमात बांधून देणे गाड्या चालवण्याच्या दृष्टीने शक्य नाही. शक्य नाही! १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन जो अर्ज केला, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती ही मागणी होती. रविवार १८९० मध्ये पदरात पडला. लोखंड्यांच्या मागणीला एकशे चाळीस वर्षे उलटून गेल्यावर, वाफेच्या जागी वीज आल्यावर, देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी उद्योगात माणसाला भाकरीसाठी वीस मिनिटे ठरवून देता येत नाहीत! लोको कामगारांनी १९७३ मध्ये दहा तासांची मर्यादा कबूल करून घेतली तेव्हाही 'गाड्या बंद पडतील' हेच ऐकवले गेले. गाड्या चालूच आहेत.

लघवीचा विषय सभ्य लोक टाळतात. आम्ही टाळणार नाही, कारण मधुमेहाचे पहिले लक्षणच वारंवार लघवी हे आहे. त्यात औषधांची नवी पिढी आली आहे. एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. हृदयाला आणि मूत्रपिंडालाही ती उपकारक ठरली आहे. मार्च २०२५ मध्ये तिच्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांनी ती पूर्वीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात बाजारात आणली. कामगाराच्या खिशाला परवडणारी ही चांगली बातमी आहे. पण ही गोळी घेणाऱ्याला पाणी भरपूर प्यावे लागते आणि वरचेवर मोकळे व्हावे लागते, स्वच्छता राखावी लागते, नाहीतर जंतुसंसर्ग होतो. मे २०१६ मध्ये जैव-शौचालय असलेले पहिले इंजिन समारंभ करून, फोटो काढून रुळावर आणले गेले. आजही बहुतेक इंजिनांत ती सोय नाही. मग भुसावळच्या मे महिन्यात, तापलेल्या कॅबमध्ये आमचा माणूस काय करतो? एक तर पाणी पीत नाही, किंवा गोळी घेत नाही. आमच्या ज्या भगिनी इंजिन चालवतात त्यांचे हाल तर विचारूच नका. नंतर दवाखान्यात साखर वाढलेली दिसली की केसपेपरवर लिहिले जाते : रुग्ण सूचना पाळत नाही. सूचना कोण पाळत नाही, हे आम्ही पुन्हा लिहायला हवे काय?

इन्सुलिनचे पाहा. बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. शोध जगाचा आहे अशी त्यांची भावना होती. शंभर वर्षांनी आमच्या माणसाला ते इन्सुलिन दवाखान्यातून मिळते, पण ठेवायचे कुठे? अनेक रनिंग रूममध्ये त्यासाठी फ्रिजचा एक कप्पा राखून ठेवलेला नसतो. चाळीस-बेचाळीस अंशांत पिशवीत फिरलेले इन्सुलिन पाण्यासारखे निकामी होते आणि घेणाऱ्याला वाटते, आपलेच शरीर बिघडले. (ज्यांना काहीच सोय नाही त्यांनी मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मध्ये ओली वाळू भरावी आणि सावलीत ठेवावे. उपाय जुना आहे, चालतो. पण एकविसाव्या शतकातल्या रेल्वेने कामगाराला मडक्यावर सोडावे काय?)

आता भीतीकडे येऊ. या विषयाचे सर्वांत काळे पान तेच आहे.

वैद्यकीय नियमपुस्तिकेप्रमाणे गाडी चालवण्याशी थेट संबंध असलेल्या वर्गांची तपासणी पंचेचाळीस वयापर्यंत चार वर्षांतून एकदा, पंचावन्नपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी असते. चार वर्षांत मधुमेह गुपचूप येऊन डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचू शकतो. पण तपासणी जवळ आली की आमच्यातले काही जण काय करतात हे आपल्याला माहीत आहे. आठ दिवस भात-पोळी बंद. दोन दिवस जवळजवळ उपास. कुणी मित्राच्या गोळ्या दुप्पट घेतो. कारण एकच : साखर निघाली तर वर्ग जाईल, वर्ग गेला तर किलोमीटर भत्ता जाईल, आणि त्या भत्त्यावर घराचा हप्ता आणि पोरीचे कॉलेज उभे आहे. हे करणाऱ्याला आम्ही चोर म्हणणार नाही. परंतु हा मार्ग जीवघेणा आहे हे सांगितल्याशिवाय राहणारही नाही. उपाशी पोटी दुप्पट गोळी म्हणजे बेशुद्धीला दिलेले आमंत्रण. शिवाय ते उपयोगाचेही नाही. आज तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी सर्वत्र होते. दोन दिवसांच्या उपासाला ती फसत नाही. आणि मागे डब्यांत हजार-बाराशे माणसे झोपलेली असतात.

लपवालपवी प्रामाणिकपणाची व्याख्याने देऊन थांबत नाही. खरे बोलणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी हमी मिळाली की ती थांबते. काही हमी कायद्याने दिली आहे, ती तरी प्रत्येकाला तोंडपाठ हवी. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. हे १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये होते आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. नुसता मधुमेह म्हणजे कायद्याच्या भाषेत अपंगत्व नव्हे. पण मधुमेहाने दृष्टी किंवा पाय गमावलेला साथी या कलमाखाली येऊ शकतो. रेल्वेत वैद्यकीय कारणाने वर्ग घटलेल्यांसाठी पर्यायी नेमणुकीचे नियमही आहेत. अडचण अशी की ही नेमणूक महिनोन्महिने कागदावर रखडते, आणि रखडलेली फाइल पाहून बाकीचे शंभर जण आपली साखर लपवायला शिकतात. एका फाइलच्या दिरंगाईने शंभर माणसे आजार लपवतात, हे प्रशासनाला दिसत नाही असे नाही. पाहायचे नाही.

इथपर्यंत वाचून आमच्यातला एखादा कडवा साथी म्हणेल : बरोबर! आधी कामाचे तास कमी करा, सुट्टी द्या, संडास द्या. तोवर पथ्य वगैरे साहेबांची नाटके आहेत. या साथीशीही आमचे भांडण आहे, आणि ते साहेबांशी असलेल्या भांडणापेक्षा कमी नाही. मागणी मान्य व्हायला पाच वर्षे लागतील, दहा लागतील. पायाच्या नसा तोवर थांबणार नाहीत. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की एचबीएवनसी एका टक्क्याने खाली येते तिथे डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे दुखणे ३७ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू २१ टक्क्यांनी कमी दिसतात. हा एक टक्का कुठल्याही वेतन आयोगाने दिलेला नाही, आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. तो सोडून देणे हा लढा नव्हे. आंधळा झालेला कार्यकर्ता मोर्चात किती पावले चालणार?

मग हा टक्का मिळवायचा कसा? धाक दाखवून माणूस बदलत नाही, हे आता शास्त्रही सांगते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले की 'हे मला जमेल' हा भरवसा माणसात मुख्यतः चार वाटांनी येतो : स्वतः थोडेसे करून यश पाहणे, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने धीर देणे, आणि शरीराच्या खुणा न घाबरता ओळखायला शिकणे. वाचा आणि सांगा, यातली कुठली गोष्ट वर्षातून एकदा टेबल मांडून होते? आणि यातली कुठली गोष्ट युनियनच्या खोलीत होऊ शकत नाही? संपाच्या वेळी आपण नेमके हेच करत आलो आहोत. घाबरलेल्या नव्या पोराला जुना माणूस शेजारी बसवतो, 'मी केले, तूही करशील' म्हणतो. १९७४ चा संप ज्यांनी पाहिला त्यांना भरवसा म्हणजे काय हे बांडुराने शिकवण्याची गरज नव्हती.

छोट्यापासून सुरुवात करावी. साखर मोजण्याच्या पट्ट्या महाग पडतात म्हणून लोक मोजणेच सोडतात. रोज मोजायची गरज सर्वांना नसते. आठवड्यातून दोन दिवस, एकच जेवण निवडून, जेवणाआधी आणि दोन तासांनी मोजा. पुढच्या आठवड्यात दुसरे जेवण. महिन्याभरात कळते की वडापावाने किती चढते, ज्वारीची भाकरी आणि पिठल्याने किती, आणि एकादशीच्या साबुदाणा खिचडीने किती. (साबुदाणा पाहून पुष्कळांना धक्का बसतो. देव रागावत नाही, पण साखर रागावते.) आकडा आपण स्वतः पाहिला की तो साहेबाचा उपदेश राहत नाही, आपले ज्ञान होते, आणि त्या ज्ञानावर डॉक्टरशी बरोबरीने बोलता येते : 'माझी ड्युटी रात्री अडीचला सुरू होते, ही गोळी मी कधी घेऊ?' हा प्रश्न विचारायला धीर लागतो. ड्युटीचा महिन्याचा तक्ता केसपेपरला जोडून द्या. डॉक्टरला तुमचे रोस्टर स्वप्नात दिसत नाही. साखर एकदम खाली न आणणारी दुसरी गोळी चालेल का, हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे.

खिशात साखर ठेवा. तीन-चार चमचे साखरेची पुडी, किंवा ग्लुकोजची पावडर. घाम-थरथर सुरू झाली की आधी खा, मग विचार करा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली नसेल तर पुन्हा खा, आणि त्यानंतर काहीतरी पोटभरीचे. आपला असिस्टंट, आपला गँगमेट, शेजारच्या काउंटरवरची बाई यांना आपल्याला मधुमेह आहे हे सांगून ठेवा. दारू प्यायल्यासारखा बोलणारा माणूस दर वेळी दारू प्यालेला नसतो, हे त्यांना माहीत असले पाहिजे.

आणि पाय. खडीवर चालणाऱ्या, बूट दिवसभर ओले असणाऱ्या, पावसाळ्यात कोकणच्या लाइनीवर गस्त घालणाऱ्या माणसाने चेहऱ्यापेक्षा पाय जास्त वेळा पाहावेत. नसा बधिर झाल्या की बुटात गेलेला खडा कळत नाही, रात्री मोज्यावर रक्त दिसते. रोज झोपण्यापूर्वी तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा पाहा. स्वतःला दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. बूट घालण्यापूर्वी झटका. जखम दोन दिवसांत सुकली नाही तर हळद भरत बसू नका, दवाखाना गाठा. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्या. ही यादी आम्ही मुद्दाम छोटी ठेवली आहे.

घराबद्दल एक शब्द. ज्याला आम्ही पुरुष मंडळी 'मी पथ्य पाळतो' म्हणतो ते बहुतेक वेळा बायको पाळत असते. पहाटे तीनचा डबा तिचा, गोळीची आठवण तिची. पण तिलाच मधुमेह झाला, किंवा ती स्वतःच काउंटरवर दिवसभर बसून घरी आली, तर तिच्या भाकरीची वेळ कोण पाहतो? साहेबाकडे सुट्टी मागणाऱ्याने घरातल्या या रोस्टरचाही हिशेब द्यावा.

भरवसा नसलेल्या माणसाच्या दारात भोंदू उभा असतो. मोबाइलवर रोज फिरते : एकवीस दिवसांत साखर मुळापासून बंद, जांभळाच्या बियांचे चूर्ण घ्या, गोळ्या फेकून द्या. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे; या जाहिराती करणारे तुरुंगात कमी आणि टीव्हीवर जास्त दिसतात, तो भाग वेगळा. खरे काय ते सांगतो. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका प्रयोगात, ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त झाली नव्हती आणि जे इन्सुलिनवर नव्हते, अशांपैकी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोठे वजन उतरवणाऱ्या गटात ४६ टक्के लोकांची साखर वर्षभराने औषधाविना ताब्यात होती. दुसऱ्या वर्षी ते ३६ टक्क्यांवर आले. म्हणजे आशा आहे, चमत्कार नाही. 'दिवसातून दोनदाच जेवा' म्हणणाऱ्यांच्या मागे जाण्यापूर्वीही आपण कुठली गोळी घेतो हे डॉक्टरला दाखवा.

सर्वांत शेवटच्या माणसाबद्दल शेवटी लिहितो आहोत, हेही आपल्या चळवळीचे जुने दुखणे. ग्रामीण डाक सेवक. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा प्रकरणात ही माणसे नागरी पद धारण करतात असे म्हटले, तरी खाते त्यांना नियमित कर्मचारी मानत नाही. वयाच्या पासष्टीपर्यंत ती पत्रे, पेन्शन आणि पार्सले वाहतात, पण केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी आरोग्य योजना त्यांना नाही. २०१८ मध्ये त्यांचा किमान भत्ता चार तासांसाठी दहा ते बारा हजारांवर आला. त्यातून गोळ्या, पट्ट्या आणि तालुक्याला जायचे भाडे काढायचे. ज्या डाक सेवकाच्या हातून गावातल्या दुसऱ्यांची औषधे घरपोच जातात, त्याची स्वतःची साखर मोजायला कुणी नाही. त्याला 'आपले आरोग्य आपल्या हाती' म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे.

तेव्हा येत्या पी.एन.एम. आणि जे.सी.एम.च्या बैठकांसाठी शाखांनी विषय आताच पाठवावेत. धावत्या ड्युटीत जेवणाची आणि लघवीची नियमित सुट्टी. प्रत्येक इंजिनात शौचालय, आणि ते कधी होणार याचा तारखेसह तक्ता. प्रत्येक रनिंग रूममध्ये औषधांसाठी फ्रिजचा कप्पा आणि मेसमध्ये भाजी-डाळ-भाकरीचे ताट. पंचेचाळिशीच्या आतल्यांनाही वर्षातून एकदा ऐच्छिक एचबीएवनसी तपासणी, आणि तिचा निकाल वर्ग घटवण्यासाठी वापरला जाणार नाही असे लेखी आश्वासन. वर्ग घटलेल्यांच्या पर्यायी नेमणुकीला ठरलेली मुदत. ट्रॅकवरच्या मधुमेही साथींना योग्य मापाचे, मऊ तळाचे बूट. ग्रामीण डाक सेवकांना कुटुंबासह आरोग्य योजना. ठरावाबरोबर आपल्या विभागातल्या किती रनिंग रूममध्ये फ्रिज आहे, किती मेस रात्री बारानंतर उघडी असते आणि वर्ग घटलेल्या किती जणांच्या फाइली पडून आहेत, हे स्वतः मोजून, तारीख घालून पाठवावे. आणि शाखेच्या खोलीत साखर मोजण्याचे एक यंत्र, एक आरसा आणि साखरेचा डबा या महिन्यात आणून ठेवावा. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही.